आपल्या माणसाला न दिलेलं मत

हिंडेनबर्ग हे नाव कानावर पडलं की आता आपल्याला शेअर बाजार आठवतो. जानेवारी २०२३ मध्ये अदानी समूहावरच्या त्या अहवालामुळे ते घरोघरी पोचलं. अहवाल काढणाऱ्या अमेरिकी संस्थेनं आपलं नाव घेतलं होतं एका झेपेलिनवरून. १९३७ साली न्यू जर्सीत उतरता उतरता पेटलेल्या अजस्र जर्मन हवाई जहाजावरून. आणि त्या जहाजाला नाव दिलं होतं एका म्हाताऱ्या फील्डमार्शलचं. अहवालामागे जहाज, जहाजामागे माणूस. या माणसाच्या पाठीशी कोण होतं हे शोधत गेलं की आपण बव्हेरियात पोचतो, आणि तिथे जे दिसतं त्यानं मी तरी चाट पडलो.

२६ एप्रिल १९२५, रविवार. जर्मनीत मतदान रविवारीच होतं, तेव्हाही आणि आजही. त्या दिवशी लोकांनी थेट मत देऊन देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडला. पाउल फॉन हिंडेनबर्ग यांना १,४६,५५,६४१ मतं पडली. विल्हेल्म मार्क्स यांना १,३७,५१,६०५. तिसरे, कम्युनिस्टांचे एर्न्स्ट थेलमान, १९,३१,१५१. पहिल्या दोघांतलं अंतर ९,०४,०३६ मतांचं, म्हणजे शंभरात तीनच.

हे मार्क्स म्हणजे दाढीवाले कार्ल मार्क्स नव्हेत. त्यांच्याशी यांचा आडनावापुरताच संबंध. विल्हेल्म मार्क्स कोलोनचे, पेशानं न्यायाधीश, श्रद्धाळू कॅथलिक, कॅथलिकांच्या ‘त्सेन्ट्रुम’ पक्षाचे पुढारी आणि देशाचे माजी चॅन्सेलर. हिंडेनबर्ग प्रशियाच्या, म्हणजे उत्तरेकडच्या सगळ्यात मोठ्या जर्मन राज्याच्या, लष्करी परंपरेतले, प्रोटेस्टंट, वय वर्षं ७७, हॅनोवरमध्ये निवृत्तीचं आयुष्य जगणारे.

आता बव्हेरिया पाहा. ‘बायर्न म्युनिक’ या फुटबॉल क्लबमुळे ज्याचं जर्मन नाव आपल्या पोरांना पाठ आहे, तो हा दक्षिणेकडचा प्रांत. तेव्हा तिथे दहातली सात माणसं कॅथलिक होती. प्रशियाशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. १८६६ च्या युद्धात बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूनं प्रशियाविरुद्ध लढला होता. नंतर जर्मनी एक करणाऱ्या बिस्मार्कनं कॅथलिक चर्चच्या मागे ससेमिरा लावला, पाद्र्यांना तुरुंगात टाकलं, जेझुइटांना देशाबाहेर काढलं, त्याच्या आठवणी घराघरांत होत्या. अशा प्रांतासमोर एकीकडे कॅथलिक न्यायाधीश आणि दुसरीकडे प्रशियाचा प्रोटेस्टंट सेनापती. कुणाला मत पडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

बव्हेरियानं बहुमत दिलं हिंडेनबर्गना.

आपल्याकडे याच्या अगदी उलट घडलेलं आठवून पाहा. २००७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. शिवसेना भाजपबरोबर आघाडीत होती, आघाडीचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावत यांना होता. तरी शिवसेनेनं आघाडी बाजूला ठेवून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली, कारण उमेदवार मराठी. ‘आपला माणूस’ हे कारण इतकं स्वाभाविक वाटतं की त्याचं आणखी स्पष्टीकरण कुणी मागत नाही. स्पष्टीकरण लागतं ते आपला माणूस समोर असून त्याला मत न दिलं तर.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्या राष्ट्रपती निवडणुकीत राज्याला वजन असतं. आमदारांच्या मताला मूल्य असतं, महाराष्ट्राच्या एका आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८. तेव्हाच्या जर्मनीत, म्हणजे १९१९ च्या वायमार राज्यघटनेखाली, असलं काही नव्हतं. वीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचं एक मत, आणि सगळ्या देशाची एकच बेरीज. मोजणीच्या सोयीसाठी देशाचे ३५ मतदारसंघ केलेले होते. बव्हेरियाच्या वाट्याला त्यांतले चार आले होते. म्हणजे बव्हेरियानं कुणाला मत दिलं याला कायद्याच्या दृष्टीनं काडीचा अर्थ नव्हता. अर्थ होता तो बेरीज जवळजवळ बरोबरीत आली म्हणून.

ही निवडणूक मुळात ठरल्यापेक्षा आधी आली. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीड्रिश एबर्ट, एके काळी घोड्याचं जीन शिवणारे कारागीर, नंतर सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते. त्यांना जनतेनं कधी निवडलंच नव्हतं. १९१९ मध्ये राष्ट्रीय सभेनं निवडलं आणि पुढे संसदेनं मुदत वाढवली. २८ फेब्रुवारी १९२५ रोजी अपेंडिक्सच्या दुखण्यातून ते गेले, वयाच्या ५४ व्या वर्षी. आदल्याच दिवशी म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये, तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या एका माणसानं आपला बंदी घातलेला पक्ष पुन्हा उभा केला होता. हिटलर त्याचं नाव. त्या वर्षी त्याची किंमत किती होती? त्याच्या चळवळीनं जनरल लुडेनडॉर्फना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं, तर देशभरातून २,८५,७९३ मतं पडली. शंभरात एक.

पहिली फेरी २९ मार्चला झाली. सात प्रमुख उमेदवार. उजव्यांचे कार्ल यारेस पहिले, पण ३८.८ टक्क्यांवर अडकले. सोशल डेमोक्रॅटांचे ओटो ब्राउन दुसरे, मार्क्स तिसरे. आणि बव्हेरियानं आपला स्वतःचा उमेदवार दिला होता, राज्याचे मुख्यमंत्री हाइनरिश हेल्ड. त्यांना १०,०७,४५० मतं. गंमत म्हणजे बव्हेरियाच्या अस्मितेचा हा झेंडा खांद्यावर घेतलेला गृहस्थ जन्मानं बव्हेरियन नव्हताच. हेसनकडच्या टाउनस डोंगरातल्या एर्बाखचा. रेगेन्सबुर्गला येऊन वर्तमानपत्र चालवता चालवता तो अस्सल बव्हेरियन झाला. बाहेरून आलेला माणूस स्थानिक अभिमानाचा सगळ्यात खणखणीत आवाज होतो, हे आपणही पाहिलेलं आहे.

पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं लागत. दुसऱ्या फेरीत ज्याला सर्वांत जास्त तो निवडून. शिवाय दुसऱ्या फेरीत नवा उमेदवारही आणता येई! क्रिकेटमध्ये दुसऱ्या डावात नवा फलंदाज आणावा तसं. उजव्यांनी नेमकं हेच केलं. यारेसना बसवलं आणि पहिल्या फेरीत कुठेच नसलेल्या हिंडेनबर्गना मैदानात उतरवलं. त्यांचं मन वळवायला ॲडमिरल टिर्पिट्झ हॅनोवरला जाऊन आले. दुसऱ्या बाजूला सोशल डेमोक्रॅटांनी ब्राउनना मागे घेतलं, उदारमतवाद्यांनी आपले हेलपाख यांना मागे घेतलं आणि तिघांनी मिळून मार्क्सना पुढे केलं. बदल्यात ब्राउनना प्रशियाचं मुख्यमंत्रिपद मिळालं. राजकारणात असे सौदे होतात, आणि हा सौदा काही वाईट नव्हता. प्रजासत्ताक वाचवायला कॅथलिक, समाजवादी आणि उदारमतवादी एकत्र आले होते.

नेमकं हेच बव्हेरियाच्या घशात अडकलं. मार्क्स आपल्या धर्माचे खरे, पण समाजवाद्यांच्या खांद्यावर बसून येणारे.

‘समाजवादी’ हा शब्द म्युनिकमध्ये १९२५ साली कसा ऐकू येत असेल, हे समजायला सहा वर्षं मागे जावं लागतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीत इतर राजांच्या आधी बव्हेरियाच्या राजाला पळावं लागलं. कुर्ट आइसनर या समाजवादी पत्रकारानं ‘मुक्त राज्य’ जाहीर केलं. बव्हेरियाच्या अधिकृत नावात ते शब्द आजही आहेत. फेब्रुवारी १९१९ मध्ये आइसनरचा भर रस्त्यात खून झाला. एप्रिलमध्ये म्युनिकमध्ये रशियाच्या धर्तीवर सोव्हिएत प्रजासत्ताक उभं राहिलं. ते जेमतेम चार आठवडे टिकलं. शेवटी शेवटी त्यांच्या लोकांनी एका शाळेत ओलिसांना गोळ्या घातल्या, आणि मग शहरात घुसलेल्या सरकारी फौजांनी आणि स्वयंसेवक टोळ्यांनी त्याच्या कित्येक पट माणसं मारली. पण पुढे लोकांच्या तोंडी राहिले ते ओलीस. दुसऱ्या बाजूच्या मुडद्यांची आठवण तेवढ्या आवर्जून कुणी काढली नाही.

हे भीतीचं कारण झालं. बव्हेरियाच्या रागाचं कारण निराळं होतं, आणि ते मला एका टपाल तिकिटावर दिसलं.

जुन्या तिकिटांच्या कुठल्याही बऱ्या संग्रहात ते सापडतं. १९२० सालचं बव्हेरियाचं तिकीट. त्यावर ‘बायर्न’ असं डौलदार अक्षरांत छापलेलं, बव्हेरियाचं स्वतःचं चित्र, स्वतःची किंमत. आणि त्या सगळ्यावर, नंतर, काळ्या शाईत दोन कोरडे शब्द: ‘डॉइचेस राइश’. म्हणजे जर्मन राज्य. तिकीट संग्राहक या मालिकेला ‘निरोपाची मालिका’ म्हणतात. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर त्रावणकोर-कोचीनच्या संस्थानी तिकिटांवर असे छापे मारलेले आढळतात. संस्थान विलीन झालं म्हणजे काय झालं, ते असं अर्ध्या इंचात दिसतं.

बिस्मार्कनं १८७१ मध्ये जर्मनी एक केला तेव्हा बव्हेरियाला राजी करायला बऱ्याच सवलती द्याव्या लागल्या होत्या. स्वतःचं टपाल खातं, स्वतःची रेल्वे, शांततेच्या काळात स्वतःच्या राजाच्या हुकमाखालचं सैन्य. आणि बिअरवरचा स्वतःचा कर. हसू नका. बव्हेरियात बिअरवरचा कर म्हणजे आपल्याकडे ऊस आणि साखर धरा. तिजोरीही त्यावर आणि राजकारणही त्यावर. वायमार घटनेनं यातलं बहुतेक सगळं काढून घेतलं. अर्थमंत्री माथियास एर्त्सबर्गर यांनी करवसुली बर्लिनच्या हातात आणली. सैन्य गेलं. १ एप्रिल १९२० ला रेल्वे आणि टपालही बर्लिनकडे गेलं. शेतकरी स्टेशनवर जाई, पाटीवर नवं नाव. पत्र टाकायला जाई, तिकिटावर काळा शिक्का.

हे करणारे एर्त्सबर्गर कोण? कॅथलिक, आणि त्सेन्ट्रुम पक्षाचेच. मार्क्स यांच्याच पक्षाचे.

इथे कोडं सुटायला लागतं. बव्हेरियातल्या कॅथलिकांनी नोव्हेंबर १९१८ मध्येच त्सेन्ट्रुममधून बाहेर पडून आपला वेगळा ‘बव्हेरियन लोकपक्ष’ काढला होता. बर्लिनमधले कॅथलिक समाजवाद्यांबरोबर सत्तेत बसतात आणि आपल्या राज्याचे हक्क विकतात, अशी त्यांची तक्रार. पुढे फाटत फाटत इतकं फाटलं की १९२२ मध्ये म्युनिकला भरलेल्या कॅथलिकांच्या राष्ट्रीय मेळाव्यात कार्डिनल फाउलहाबर यांनी व्यासपीठावरून १९१८ ची क्रांती म्हणजे शपथभंग आणि राजद्रोह, असं ठणकावलं. मेळाव्याचे अध्यक्ष होते कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर, पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले तेच. त्यांनी तिथल्या तिथे मतभेद बोलून दाखवला. दोघांचा चर्च एक, प्रार्थना एक, पोप एक. पण ऱ्हाईन नदीकाठच्या कॅथलिकाला प्रजासत्ताकात आपली सोय दिसत होती आणि म्युनिकच्या ईझार नदीकाठच्या कॅथलिकाला आपली लूट.

त्यात बव्हेरियानं मार्च १९२४ मध्ये पोपशी स्वतःचा वेगळा करार करून टाकला होता. कॅथलिक शाळा, धर्मशिक्षण, बिशपांच्या नेमणुका सगळं त्यात बसवलेलं. म्हणजे धर्माच्या रक्षणासाठी बर्लिनमध्ये कॅथलिक अध्यक्ष हवाच, ही गरजही उरली नव्हती. धर्म सुरक्षित होता, धोका राज्याला होता. मग लोकपक्षानं आपल्या मतदारांना सांगितलं, हिंडेनबर्ग.

प्रशियाचा प्रोटेस्टंट का चालला? मला वाटतं, तो पुढारी नव्हता म्हणून चालला. सेनापतीच्या गणवेशातला म्हातारा, कुठल्याही पक्षाचा नाही, जुन्या सम्राटाच्या काळाची सावली. त्या जुन्या काळात बव्हेरियाकडे स्वतःची रेल्वे होती. मत हिंडेनबर्गना पडलं, पण मनात होतं १९१४.

आता हिशेब मांडू, कारण खरी चाट पडायची जागा तीच आहे. मार्क्स हरले ९,०४,०३६ मतांनी. हिंडेनबर्गकडची ४,५२,०१९ मतं मार्क्सकडे वळली असती तर निकाल उलटा लागला असता. एक मत इकडून तिकडे गेलं की अंतर दोननं कमी होतं ना. आणि पहिल्या फेरीत बव्हेरियन लोकपक्षाच्या हेल्डना किती मतं होती? १०,०७,४५०. म्हणजे त्या मतदारांपैकी निम्म्यांहून थोड्या कमी लोकांनी जरी आपल्या धर्माच्या माणसाला मत दिलं असतं, तरी हिंडेनबर्ग हॅनोवरला आपल्या घरी राहिले असते. म्हणून तेव्हापासून आजतागायत बव्हेरियाकडे बोट दाखवलं जातं.

मीही दाखवणार होतो. पण मग बाकीच्या आकड्यांची बेरीज केली आणि हात आवरता घेतला.

पहिल्या फेरीत ब्राउन, मार्क्स आणि हेलपाख या तिघांची मिळून १,३२,५८,६२९ मतं होती. दुसऱ्या फेरीत मार्क्सना त्याहून पाच लाखांच्या आसपास जास्त पडली. ठीक. उजवीकडे यारेस, हेल्ड आणि लुडेनडॉर्फ मिळून १,१७,०९,९०१. हिंडेनबर्गना मात्र पडली दीड कोटीला थोडी कमी. म्हणजे हेल्डची सगळीच्या सगळी मतं त्यांच्या पदरात टाकली तरी वर २९ लाख उरतात. ती कुठून आली? मतदान ६८.९ टक्क्यांवरून ७७.६ टक्क्यांवर गेलं होतं. तब्बल ३५ लाख मतं वाढली होती. पहिल्या फेरीत घरी बसलेली, राजकारणाला कंटाळलेली माणसं म्हाताऱ्या सेनापतीचं नाव ऐकून बाहेर पडली. काही शहरांत स्त्री-पुरुषांची मतं वेगळी मोजली गेली होती. तिथे हिंडेनबर्गच्या बाजूला बायकांचं पारडं पुरुषांपेक्षा जड निघालं.

आणि थेलमान? कम्युनिस्टांनी आपला उमेदवार मागे घेतला असता तर १९ लाखांतली निम्मी मतंही मार्क्सना पुरली असती. सोशल डेमोक्रॅट त्यांच्यावर भडकले ते उगीच नाही. शिवाय उत्तरेकडे असे प्रोटेस्टंट होते, ज्यांना प्रजासत्ताक मान्य, पण कॅथलिक राष्ट्राध्यक्षाला मत द्यायला हात धजेना. बिचारे मार्क्स! काहींनी ते कॅथलिक म्हणून नाकारले, बव्हेरियानं ते पुरेसे बव्हेरियन कॅथलिक नाहीत म्हणून.

तेव्हा बव्हेरियानं ‘एकट्यानं’ हिंडेनबर्गना निवडून दिलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. नऊ लाखांच्या अंतरात तीन-चार जण तरी निर्णायक ठरतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण बाकीच्यांनी आपल्या नेहमीच्या वळणानं मत दिलं. वळण सोडलं ते बव्हेरियानं, म्हणून नजर तिथेच खिळते.

हे वळण सोडणं किती विलक्षण होतं, ते सात वर्षांनी कळतं.

राष्ट्राध्यक्षपदाच्या पुढच्या निवडणुकीची, पहिल्या फेरीतली १३ मार्च १९३२ ची मतपत्रिका अनेक संग्रहांत जपलेली आहे, तिचं चित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो. एक साधा कागद. डावीकडे नावं, उजवीकडे प्रत्येकासमोर एक गोल, त्यात फुली मारायची. नावं वर्णानुक्रमे, नावाखाली व्यवसाय आणि गाव. पहिले ड्यूस्टरबर्ग, निवृत्त लेफ्टनंट कर्नल, हाले. मग हिंडेनबर्ग, राष्ट्राध्यक्ष आणि फील्डमार्शल, बर्लिन. चौथे थेलमान, वाहतूक कामगार, हॅम्बुर्ग. पाचवे कुणी एक विंटर. सर्वांत खाली एक ओळ मोकळी, वाटल्यास स्वतःच्या पसंतीचं नाव लिहायला. तिसऱ्या ओळीत: अडोल्फ हिटलर, ब्राउनश्वाइग राज्याच्या सेवेतील शासकीय सल्लागार, म्युनिक.

शासकीय सल्लागार! आयुष्यात या माणसानं सरकारी कचेरीत एक दिवस फाईल हातात धरली नव्हती. पण तो ऑस्ट्रियात जन्मलेला, जर्मन नागरिक नव्हता, आणि नागरिक नसलेल्याला उभं राहता येईना. जर्मनीत तेव्हा नागरिकत्व मिळे ते राज्यामार्फत. तुम्ही प्रशियाचे किंवा बव्हेरियाचे नागरिक, म्हणून जर्मन. एखाद्या राज्यानं तुम्हाला सरकारी नोकरीत घेतलं की नागरिकत्व आपोआप मिळे. ब्राउनश्वाइग या चिमुकल्या राज्यात त्याच्या पक्षाचा गृहमंत्री होता. फेब्रुवारी १९३२ च्या अखेरीस तिथे त्याला हे पद दिलं गेलं, मतदानाला तीन आठवडेही उरलेले नसताना. एका राज्याच्या नेमणूकपत्रावर तो जर्मन झाला आणि मतपत्रिकेवर चढला.

त्या वेळी सगळा नकाशा पालथा झाला. १९२५ मध्ये ज्यांनी हिंडेनबर्गना पाडायला जिवाचं रान केलं, ते त्सेन्ट्रुमवाले आणि सोशल डेमोक्रॅट आता हिटलरला अडवायला त्याच हिंडेनबर्गसाठी मतं मागत होते. स्वतः मार्क्स यांचा पक्षसुद्धा. आणि १९२५ मध्ये हिंडेनबर्गना डोक्यावर घेणारा प्रोटेस्टंट उत्तर आणि पूर्वेकडचा मुलूख मोठ्या प्रमाणात हिटलरकडे गेला. उमेदवार तोच, मतदार उलटेपालटे. १० एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत हिंडेनबर्ग १,९३,५९,९८३ मतं, म्हणजे ५३ टक्के, मिळवून जिंकले, हिटलरला १,३४,१८,५४७.

या उलथापालथीत दोन्ही वेळा हिंडेनबर्गच्याच बाजूला राहिलेला मोठा कॅथलिक मुलूख म्हणजे जुना बव्हेरिया. म्युनिकच्या भोवतालचा, डॅन्यूबच्या काठचा, कांद्याच्या आकाराच्या घुमटांच्या चर्चांचा. १९२५ मध्ये तो बाकीच्या कॅथलिकांच्या विरुद्ध उभा होता, १९३२ मध्ये त्यांच्या बरोबर. जागचा न हलता! जग त्याच्याभोवती फिरलं. पण त्याच राज्याच्या उत्तरेला फ्रँकोनिया आहे, न्यूर्नबर्गच्या आसपासचा, बराचसा प्रोटेस्टंट. तिथल्या खेड्यांनी १९२५ मध्ये हिंडेनबर्गना भरभरून मतं दिली होती आणि १९३२ मध्ये तितकीच भरभरून हिटलरला दिली. कोबुर्ग हे शहर तर १९२९ पासूनच नगरपालिकेत नाझी बहुमत असलेलं देशातलं पहिलं शहर. आणि कोबुर्ग बव्हेरियात आलं होतं अगदी अलीकडे, १९२० मध्ये, सार्वमत घेऊन, स्वखुशीनं. म्हणून ‘बव्हेरियानं असं मत दिलं’ हे वाक्य लिहिताना प्रत्येक वेळी पेन जरा अडखळतं. कुठल्या बव्हेरियानं?

एप्रिल १९३२ च्या अखेरीस राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. लोकपक्ष ४५, नाझी ४३. हेल्ड काठावर का होईना, मुख्यमंत्री राहिले.

पुढचं झपाट्यानं झालं. जर्मनीत राष्ट्राध्यक्षाच्या हातात मोठे अधिकार होते: चॅन्सेलर नेमणं, संसद बरखास्त करणं, घटनेच्या ४८ व्या कलमाखाली आणीबाणीचे हुकूम काढणं. हिंडेनबर्गनी तिन्ही वापरले. ३० जानेवारी १९३३ ला त्यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमलं. २८ फेब्रुवारीला नागरिकांचे हक्क स्थगित करणाऱ्या हुकमावर सही केली, आणि राज्य सरकारांच्या कारभारात हात घालायची वाट त्याच हुकमानं मोकळी केली. ९ मार्चला त्याच वाटेनं म्युनिकमध्ये फॉन एप नावाचा जनरल राज्याचा आयुक्त म्हणून बसवला गेला. १९१९ मध्ये म्युनिकमधलं सोव्हिएत प्रजासत्ताक चिरडायला आलेल्यांतलाच हा. हेल्ड काही दिवसांत पदावरून गेले, काही काळ स्वित्झर्लंडमध्ये राहिले, १९३८ मध्ये रेगेन्सबुर्गला वारले.

३० जानेवारी १९३४ ला एक कायदा आला. त्यानं सगळ्या राज्यांची विधिमंडळं बरखास्त केली आणि राज्यांचं सार्वभौमत्व संपवून ते बर्लिनच्या हवाली केलं. बव्हेरियाचंही. रेल्वे गेली, टपाल गेलं, आता राज्यच गेलं. त्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिली सही आहे, फॉन हिंडेनबर्ग.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीची नवी घटना लिहिणाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक काढून टाकली. आता संसदेचे सदस्य आणि तितकेच राज्यांचे प्रतिनिधी मिळून, आपल्यासारखीच, ही निवड करतात, आणि त्या पदाला पूर्वीचे अधिकार उरलेले नाहीत. ही घटना मंजुरीसाठी राज्यांच्या विधिमंडळांकडे गेली. बव्हेरियाच्या विधिमंडळात २० मे १९४९ च्या पहाटे मतदान झालं. बाजूनं ६३, विरोधात १०१, तटस्थ ९. तक्रार तीच, राज्यांना हक्क कमी दिलेत. मात्र लगोलग दुसरा ठरावही झाला: दोन तृतीयांश राज्यांनी मान्य केली तर ही घटना आम्हालाही लागू. बाकीच्यांनी मान्य केली. म्हणून ज्या घटनेखाली बव्हेरिया गेली पाऊणशे वर्षं सुखानं नांदतो आहे, तिला त्यानं दिलेलं मत ‘नाही’ असं आहे.